‘ली’ लावला की झाले?

इंग्रजी क्रियाविशेषणाचा शाळेतला नियम एका ओळीत संपतो. विशेषण घ्या, त्याला ‘एल-वाय’ जोडा आणि अर्थ सांगताना मराठीत ‘-पणे’ किंवा ‘-ने’ लावा. क्विकचे क्विकली, स्लोचे स्लोली, की झाले. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो, मूल ‘ली’ लावते, गुण मिळतो. पुढे तेच मूल बोलायला उभे राहते तेव्हा ‘शी सिंग्ज गुड’ म्हणते, ‘केअरफुल्ली’ असा दणदणीत जोडाक्षरी उच्चार करते आणि ‘सपोज्ड’च्या पुढे ‘ली’ आला की अडखळते. मग ठरलेले निदान होते. मूल चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातले असेल तर ते आणखी चटकन होते: पाया कच्चा, जीभ वळत नाही, घरी वातावरण नाही. माझे म्हणणे असे की कच्चा आहे तो नियम, मुले नव्हेत. हा नियम फक्त डोळ्यांसाठी लिहिलेला आहे. कानाला तो काही सांगत नाही आणि मुलाच्या घरच्या भाषेची दखलही घेत नाही. शिवाय मराठीचे ‘-पणे’ हे ज्या मुलांच्या बोलण्यातच नाही, त्यांना एका परक्या प्रत्ययाचा अर्थ दुसऱ्या परक्या प्रत्ययाने समजावण्याचा उद्योग आपण करत आहोत. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. इतक्या वर्षांनंतरही हा एक प्रत्यय नीट बसत नसेल तर शिकवण्याच्या दिशेकडे पाहायला हवे.

पहिला टप्पा: ‘ली’ची गरज मुळात कुणाला?

मराठी माणूस ‘शी सिंग्ज गुड’ का म्हणतो? आळसाने नव्हे. मराठीत ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला गातो’, ‘मुली चांगल्या गातात’ अशी वाक्ये सहज होतात. गाण्याविषयी सांगायचे आहे, पण शब्द विशेषणाचाच राहतो आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलतोही. शाळेत आपण क्रियाविशेषणाला ‘अव्यय’ म्हणून शिकवतो, म्हणजे न बदलणारा शब्द. आणि मुलाच्या तोंडी दिवसभर बदलणारेच रूप असते. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यात इंग्रजी जी भिंत घालते ती मराठीने अनेक ठिकाणी घातलेलीच नाही. मुलाला ‘गुड’ आणि ‘वेल’ यांतला फरक पाठ करता येईल, पण फरक करायचाच कशासाठी हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून ते विसरते.

जिथे मराठी वेगळे रूप करते तिथे ती ‘-पणे’कडे क्वचितच जाते. घरातली मराठी ऐका. पटकन, चटकन, झटकन, धाडकन यांतला ‘-कन’. खाडदिशी, चटदिशी यांतला ‘-दिशी’. हळूहळू, भरभर यांतली द्विरुक्ती. जोरात, आरामात, घाईत यांतला सप्तमीचा ‘-त’. हसत, धावत, रांगत ही धातूंची रूपे. मराठीची खरी चालती टाकसाळ ही आहे. ‘शांतपणे’, ‘काळजीपूर्वक’, ‘योग्यरीत्या’, ‘मुख्यतः’ ही रूपे पुस्तकातून, अर्जातून, परिपत्रकातून येतात. विदर्भातली आई पोराला ‘चूपचाप बस’ म्हणते. ‘शांतपणे बस’ ही पाटीवरची भाषा. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी या झाडीबोलीच्या मुलखात तर ‘ण’चा ‘न’ आणि ‘श’चा ‘स’ होतो. तिथे ‘शांतपणे’ या एका शब्दात दोन ध्वनी बाहेरचे आहेत. हा शब्द पायरी म्हणून मुलापुढे ठेवला तर आधी ती पायरीच चढावी लागते.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीत सगळ्याच क्रियाविशेषणांना ‘ली’ लागत नाही. फास्ट, हार्ड, लेट हे शब्द तसेच वापरतात. ‘एसटी लेट आली’ हे मराठी वाक्य या बाबतीत अस्सल इंग्रजी वळणाचे आहे. तिथे नियमाला जागून कुणी ‘लेटली’ केले तर अर्थ ‘अलीकडे’ असा होतो. ‘हार्ड’ला ‘ली’ लावला तर राबणारा माणूस जेमतेम हातपाय हलवणारा ठरतो. उलट फ्रेंडली, कॉस्टली या शब्दांना ‘ली’ असून ती विशेषणे आहेत. ‘साडी कॉस्टली आहे’ म्हणणारा बाजारातला माणूस हा शब्द बिनचूक वापरतो, कारण तो नियमातून शिकलेला नाही. डेली तर दोन्हीकडे चालतो. चंद्रपूर-नागपूर ‘डेली अप-डाऊन’ करणाऱ्या कर्मचाऱ्याला हे व्याकरण कुणी सांगितलेले नसते आणि त्याचे त्यावाचून काही अडतही नाही.

दुसरा टप्पा: डोळ्यांचा नियम आणि कानाचा नियम

आता उच्चाराकडे येऊ. ‘बेसिकली’ हा शब्द जवळून पाहा. इंग्रजीत ‘-इक’ने संपणाऱ्या विशेषणांना नुसता ‘एल-वाय’ लागत नाही, ‘ए-एल-एल-वाय’ लागतो. ‘पब्लिक’ हा ठळक अपवाद. म्हणजे कागदावर ‘बेसिक-अल-ली’ असे काहीसे उभे राहते. पण उच्चारात तो ‘अल’ गळून जातो आणि उरतात तीनच अवयव, म्हणजे सिलॅबल: बे-सिक-ली. चहाच्या टपरीवर ‘बेसिकली काय आहे ना’ अशी सुरुवात करणारा तरुण हा शब्द बरोबर बोलतो. ‘टेक्निकली’, ‘प्रॅक्टिकली’ हेही तसेच. स्पेलिंग समोर धरून अक्षर-अक्षर वाचणारा विद्यार्थी मात्र ‘बेसिकॲली’ करतो. कानाने आलेला शब्द शुद्ध आणि डोळ्याने आलेला अशुद्ध, हे चित्र या प्रत्ययाच्या बाबतीत वारंवार दिसते. तरीही आपण शिकवतो ते डोळ्यानेच.

जोडाक्षराचे प्रकरण यापेक्षा मजेदार आहे. फायनल, युजुअल, केअरफुल यांच्या शेवटी ‘एल’ आहे, प्रत्ययाच्या सुरुवातीला दुसरा ‘एल’ येतो. लिहिताना दोन, बोलताना एक. मराठी मूल दोन ‘एल’ पाहते आणि ‘केअरफुल्ली’, ‘फायनल्ली’ म्हणते. याला जिभेचा जडपणा कसे म्हणायचे? दिल्ली, गल्ली, किल्ली यांत दोनदा लिहिलेला ‘ल’ दुप्पटच उच्चारायचा असतो. मराठी लिपीने मुलाला शिकवलेले आहे की लिहिले तसे बोल. ते प्रामाणिकपणे तसे बोलते, आणि ‘फुल्ली’ म्हटल्याबद्दल त्याच्या नावापुढे फुल्ली पडते. गंमत अशी की ‘होल’ आणि ‘सोल’ यांना ‘ली’ लावल्यावर अनेक इंग्रज बोलणारे खरोखरच ‘ल’ लांबवतात. तिथे आपल्या मुलाची सवय जमेची ठरते. म्हणजे चूक सवयीत नाही. ती कुठे चालते आणि कुठे नाही हे न सांगण्यात आहे.

स्पेलिंगचे बाकीचे नियम मला कमी महत्त्वाचे वाटतात. हॅपीतल्या ‘वाय’चा ‘आय’ होतो, ‘ट्रू’चा शेवटचा ‘ई’ जातो, ‘सिंपल’ आणि ‘जेंटल’ यांचे ‘एल-ई’ गळून नुसता ‘एल-वाय’ उरतो. हे पाठ करता येते, मुले करतातही.

खरा विषय आघाताचा आहे. मराठीत आघात बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत मात्र काही प्रत्यय आघाताला जागचा हलवतात आणि काही हलवत नाहीत. ‘पर्सनल’, ‘पर्सनली’, ‘पर्सनॅलिटी’ हे तिन्ही शब्द मराठीत रोजचे आहेत. पहिल्या दोघांत जोर ‘पर्’वर आहे, ‘-इटी’ लागताच तो उडी मारून ‘नॅ’वर जातो. ‘इक्वल’, ‘इक्वली’, ‘इक्वॉलिटी’ यांचेही तेच. ‘ली’ हा शब्दाला न ढवळणारा, शेवटी गुपचूप येऊन बसणारा प्रत्यय आहे, आणि तो स्वतः कधीच जोर घेत नाही. एवढे एक वाक्य मुलाला सांगितले तरी त्याचे अर्धे काम होते: मूळ शब्द जसा बोलतोस तसाच बोल, शेवटी हलका ‘ली’ सोड. अपवाद आहेत. ‘नेसेसरी’ला ‘ली’ लागल्यावर जुन्या ब्रिटिश पद्धतीत जोर पहिल्याच अवयवावर राही. अमेरिकेत तो तिसऱ्या अवयवावर सरकतो आणि आता ब्रिटनमध्येही पुष्कळ जण तसेच बोलतात. ‘प्रायमरी’, ‘टेंपररी’ यांच्या रूपांतही हीच ओढाताण चालते. ज्यांची ही भाषा आहे त्यांच्यातच जिथे एकमत नाही, तिथे गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या मुलाला कुणी झापू नये.

मेलेला ‘ई’ उठून बसतो तेव्हा

या प्रत्ययाची सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर जागा ‘-एड’च्या शब्दांत आहे. ‘मार्क’ला ‘एड’ लागला की लिखाणात ‘ई’ येतो, पण उच्चार ‘मार्क्ट’ असा एकाच अवयवाचा राहतो. ‘ई’ मेलेला असतो. त्याला ‘ली’ लावा, आणि उच्चार होतो ‘मार-किड-ली’. मेलेला ‘ई’ उठून बसला. ‘सपोज्ड’ दोन अवयवांचा, त्याचे ‘स-पो-झिड-ली’ चार अवयवांचे. बातमीत ‘आरोप आहे की’ या अर्थी येणारा शब्द ‘अलेज्ड’वरून ‘अ-ले-जिड-ली’ असा होतो. पण ‘हरीड’चे ‘हरिड्ली’च राहते, ‘डिटर्मिन्ड’चे ‘डिटर्मिन्ड्ली’च, तिथे नवा अवयव येत नाही. यात लहर नाही, शिस्त आहे. ‘-एड’च्या लगेच आधीच्या अवयवावर जोर असेल तर ‘ई’ जागा होतो, जोर आणखी मागे असेल तर झोपलेला राहतो. ‘सपोज’मध्ये जोर ‘पो’वर, अगदी शेजारी, ‘डिटर्मिन’मध्ये तो ‘टर्’वर, एक घर मागे. ‘टायर्ड’सारखे काही शब्द या शिस्तीला जुमानत नाहीत, पण ती पुष्कळ ठिकाणी लागू पडते.  वर्गातल्या तक्त्यावर हा नियम सहसा नसतो. आणि तो नसल्यामुळे ‘सपोज्डली’ म्हणणारे मूल खरे तर शिकवलेला नियम तंतोतंत पाळते: शब्द तसाच ठेवला, ‘ली’ जोडला. चुकला तो नियम.

उलट दिशेचाही पुरावा आहे. ‘एक्झॅक्टली’, ‘मोस्टली’ यांतला ‘ट’ दोन व्यंजनांमध्ये सापडतो आणि झपाट्याच्या बोलण्यात जातो. लंडनचा माणूसही घाईत ‘मोस्ली’ म्हणतो. आपल्याकडे तेच कुणी म्हटले तर ते गावंढळ ठरते. उच्चार तोच, निकाल मात्र तोंड पाहून.

तिसरा टप्पा: सिरोंचाचा ‘गा’ आणि मुलचेऱ्याचे ‘भाबे’

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा भाषांच्या दृष्टीने महाराष्ट्रातला फार श्रीमंत जिल्हा आहे. उत्तरेला झाडीबोली, पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगढी, एटापल्ली-भामरागडकडे माडिया, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि प्राणहिता-गोदावरीच्या काठी सिरोंचात तेलुगू. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या 1906च्या चौथ्या खंडात गोंडीची नोंद द्राविडी भाषांमध्ये आहे. म्हणजे गोंडीच्याच कुळातली माडिया बोलणारे मूल मराठीशी कुळानेही बांधलेले नाही. या साऱ्यांना आपण एकच ‘-पणे’ची काठी देतो.

आता सिरोंचाच्या घरातली तेलुगू पाहा. त्वरा या अर्थाच्या शब्दाला ‘गा’ लावून ‘त्वरगा’, काळजीला ‘जाग्रत्तगा’, सौंदर्याला ‘अंदंगा’. एक छोटा प्रत्यय, जवळजवळ वाटेल त्या गुणवाचक शब्दाला लागणारा, रोजच्या बोलण्यातला, लहान पोराच्याही तोंडी असलेला. मराठीच्या ‘-पणे’पेक्षा हा ‘गा’ इंग्रजी ‘ली’च्या कितीतरी जवळ आहे. म्हणून मी असे म्हणेन की या एका बाबतीत सिरोंचाचे मूल पुण्याच्या मुलापेक्षा इंग्रजीच्या जवळ उभे आहे. आपण त्याला मराठीच्या वाटेने लांबून फिरवून आणतो. मुलचेऱ्याच्या बंगाली मुलाकडेही ‘भाबे’ आहे: भालोभाबे, सुंदरभाबे. ‘भाव’ या शब्दापासून आलेला. इंग्रजीचा ‘ली’ जुन्या इंग्रजीतल्या ‘शरीर, आकार’ या अर्थाच्या शब्दापासून आला, फ्रेंचमधला तसला प्रत्यय लॅटिनमधल्या ‘मन’ या अर्थाच्या शब्दापासून, आणि आपले ‘-पणे’ हे ‘पण’ला तृतीयेचा ‘ए’ लागून. एखादे काम कशा अंगाने, कशा मनाने, कशा भावाने केले हे सांगण्याची गरज सर्वांची सारखी, वाटा वेगळ्या. हे सातवीच्या मुलाला कळत नाही असे मानण्याचे कारण नाही.

जवळ असणे म्हणजे चूक न होणे असे मात्र नाही. तेलुगूत ‘ती आनंदी आहे’ हे सांगतानाही ‘संतोषंगा’ असे ‘गा’चेच रूप येते, तर इंग्रजीला तिथे साधे विशेषण हवे असते. म्हणजे मराठी मुलाचा कल ‘ली’ गाळण्याकडे, तर तेलुगू मुलाचा कल नको तिथे ‘ली’ लावून ‘शी इज हॅपिली’ म्हणण्याकडे असणार. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट आहेत. सगळ्या वर्गाला ‘ली विसरू नका’ असे बजावले तर एकाची चूक सुटते आणि दुसऱ्याची पक्की होते.

‘तालुकावाईज’चा पुरावा

सरकारी कचेऱ्यांत आणखी एक इंग्रजी प्रत्यय सुखाने नांदतो आहे. ‘तालुकावाईज यादी द्या’, ‘गाववाईज आकडे काढा’ हे शब्द कुणी शिकवलेले नाहीत. कागदावर त्याचेच ‘तालुकानिहाय’ होते. इंग्रजी ‘वाईज’ मराठी नामाला असा चिकटला की वेगळा वाटेनासा झाला. पण ‘ली’ कोणत्याही मराठी शब्दाला चिकटलेला नाही. ‘हळूली’ कुणी म्हणत नाही. कारण उघड आहे. ‘वाईज’साठी मराठीत आधीच खाच तयार होती: क्रमवार, तारीखवार, जिल्हानिहाय. ‘ली’साठी खाच नाही. म्हणून बेसिकली, फायनली, पर्सनली हे शब्द मराठीने अख्खे घेतले, त्यांचे शिवण उसवून पाहिले नाही. आणि जिथे ‘ली’ अनावश्यक वाटला तिथे मराठीने तो बेलाशक टाकला: ‘मोटर ऑटोमॅटिक बंद होते’, ‘डायरेक्ट गडचिरोलीला गेला’. प्रौढ माणसे ‘ली’चे शब्द अख्खे शिकतात, तर मुलांना तुकडे जोडून ते बनवायला का सांगायचे? आधी अख्खे शब्द, मग शिवण. क्रम उलटा लागला आहे एवढेच.

आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की आपण इंग्रजांचे उच्चार कशाला गिरवायचे. भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र गोष्ट आहे. मला हे मान्य आहे. आपला ‘ट’, आपला ‘ल’, आपली लय यांबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. पण शब्दात अवयव किती आणि जोर कोठे, हा शब्दाचा सांगाडा आहे. ‘मार्किडली’ आणि ‘मार्क्टली’ यांतला फरक धाटणीचा नाही. कोणत्याही शब्दकोशात तो नोंदलेला असतो. ‘बेसिकॲली’ ही तर भारतीय इंग्रजीही नाही. भारतीय बोलणारा माणूस ‘बेसिकली’च म्हणतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. बदलीवर आलेल्या शिक्षकाला ना तेलुगू येत ना माडिया, आश्रमशाळेत एका वर्गात तीन-तीन भाषा, वर अभ्यासक्रम संपवायचा. हे खरेच आहे. पण शिक्षकाला ती भाषा येण्याची गरज नाही, मुलांना येते. ‘हळू चाल, हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ एवढे विचारून फळ्यावर तीन स्तंभ करता येतात. माडिया स्तंभ तिथल्या मुलांनीच भरावा. मुलाला ‘ली’चा अर्थ कळण्याआधी अशा शब्दांचा एक वर्ग असतो हे कळते, आणि ते आपल्याही घरी आहे हेही. याला वेगळा तास लागत नाही, ‘-पणे’ पाठ करून घेण्याचाच वेळ तिकडे वळवायचा आहे.

तिसरा आक्षेप: परीक्षेत तर ‘ली’ लावण्याचाच प्रश्न येतो. येतो, आणि दुखणे तिथेच आहे. एका विशेषणाचे क्रियाविशेषण करून दाखवा, हा प्रश्न स्पेलिंगची परीक्षा घेतो, भाषेची नाही. शिवाय फास्ट, लेट, हार्ड यांना ‘ली’ लागत नाही हे त्यात कधी विचारलेच जात नाही, कारण तक्ता बिघडतो.

चौथा आक्षेप मराठीच्या अभिमानातून येईल: ‘-पणे’ला परके म्हणणे म्हणजे प्रमाण मराठीचा अवमान. तसे नाही. ‘-पणे’, ‘-पूर्वक’, ‘-तः’ हे लिखित मराठीचे कामाचे प्रत्यय आहेत, या लेखातही ते आहेत. पण त्यांचाही उच्चार आपण लिहिल्याप्रमाणे करत नाही. ‘मुख्यतः’मधला विसर्ग पुष्कळ जण गिळतात किंवा त्याचा ‘हा’ करतात, आणि ‘योग्यरीत्या’मधला ‘री’ अर्ध्या पाट्यांवर ऱ्हस्व लिहिलेला असतो. आपल्याच प्रत्ययांशी आपले नाते असे सैल असताना इंग्रजी प्रत्ययावरून जंगलातल्या मुलाची परीक्षा घेणे शोभत नाही.

पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. ‘ली लावा’चा तक्ता पाचवी-सहावीतून काढा. त्याजागी मुलाने ऐकलेले आणि बोललेले दहा-वीस अख्खे शब्द द्या, त्यांत लेट, फास्ट आणि कॉस्टली असू द्या, आघाताची खूण वर करा, आणि स्पेलिंगचे नियम आठवीपर्यंत थांबवा. घरच्या भाषेचा स्तंभ रिकामा छापा; तो सिरोंचात एक भरेल, भामरागडला दुसरा, वडशाला तिसरा.